घूंवाले भाऊजी

आमचे भाऊजी ठार बहिरे आहेत, असं सगळे म्हणत. ते काही खरं नव्हतं. बाई त्यांच्या पाठीमागे उभी राहून गळा फाटेपर्यंत ओरडली तरी त्यांची मान हलायची नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण तेच भाऊजी, भिंतीपलीकडच्या घरात कुणाच्या रेडिओचा अडाप्टर ‘घूंऽऽ’ करायला लागला की हातातला घास ताटात ठेवून उठायचे. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. तिचा आवाज नवऱ्याला ऐकू येत नाही आणि भिंतीत खोचलेल्या प्लास्टिकच्या डबीचा येतो, ह्या गोष्टीवर आम्ही दोघी वर्षानुवर्षं हसलो. आता आठवलं की हसू येतं, पण ते अर्ध्यावरच थांबतं.

माझ्या मोठ्या मुलाचं लग्न जुळत होतं तेव्हाची गोष्ट. मुलीकडची मंडळी आमचं घर पाहायला सिहोऱ्याला आली होती. अंगणात पंगत बसलेली, वरणभात वाढून झालेला, आणि भाऊजी ताडकन उठून घरात निघून गेले. कुणाशी एक शब्द नाही. मुलीच्या वडलांचा चेहराच उतरला. “मावसाजी रुसले काय जी? आमचं काही चुकलं काय?” मुलीचा मामा हात जोडून त्यांच्या मागे धावला, त्याच्या मागे आमचे हे. आत पाहतात तर भाऊजी फळीपुढे डोळे मिटून उभे, आणि रेडिओच्या अडाप्टरवर तळहात ठेवलेला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. मामा विनवण्या करतो आहे, “चला न जी मावसाजी, पंगत खोळंबली,” आणि भाऊजी आपल्याच तंद्रीत म्हणतात, “ह्याच्या पट्ट्या ढिल्या झाल्या. अशा आवाजात तुम्ही लोकं जेवता कसे?” लग्न झालं बरं का ते. सून आजही त्या दिवसाची आठवण काढते. ‘घूंवाले मावसाजी’ हे नाव तिच्याच माहेरच्यांनी पाडलं, आणि मग ते भाऊजींच्या गावी, चिखल्यापर्यंत पोचलं.

भाऊजींची सारी नोकरी चिखल्याच्या खाणीत, जमिनीखाली, ड्रिल मशीनवर गेली. कानात घालायला बोळे मिळत. भाऊजी ते खिशात ठेवत. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, “दगडाचं आयकाव लागते. कान बंद केले त डोक्यावरचं छत काय म्हन्ते, थे मले कसं समजन?” खाली उतरल्यावर आधी सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारेनं, वरचा दगड ठोकून पाहायचा, अशी तिथली रीत. घट्ट दगड टणक वाजतो, सुटलेला बद्द बोलतो. भाऊजींनी बद्द म्हटलं की त्या जागेखाली कुणी पाय ठेवत नसे. तिथूनच त्यांच्या तोंडात एक वाक्य बसलं होतं, “जे ढिलं असते, थेच बोलते. घट्ट झालं का गप.” दगडाबद्दल, दाराच्या कडीबद्दल, पंख्याबद्दल, माणसांबद्दलसुद्धा ते हेच म्हणायचे.

पण बोळे खिशात राहिले आणि कान गेले ते गेलेच. बारीक आवाज आधी गेले. पाखरं, सायकलची घंटी, भांड्यांचा खणखणाट, लेकरांची बडबड. जाडे, खालचे आवाज तेवढे शिल्लक राहिले: ट्रकचा, पिठाच्या गिरणीचा, ढगांचा, आणि अडाप्टरचा. बाईचा आवाज आमच्या आईसारखा, अगदी बारीक. तो सगळ्यात आधी गेला. बाई म्हणायची, “माया आवाज खाणीत पडला व. शोधाले गेले, अन् त्याच्या बदल्यात घूं घेऊन आले.”

माझा आवाज मात्र जाडा. लहानपणी ‘भोंगा’ म्हणून चिडवायचे मला. दाराआडून बोलले तर लोक म्हणायचे, घरात कोण बाप्या आला? भाऊजींच्या डाव्या कानाशी वाकून मी बोलले की त्यांना बरंचसं कळायचं. घरातल्या बायकांत असा आवाज एकटीचा माझाच. त्यामुळे मी चिखल्याला गेले की बाई साठवून ठेवलेलं सगळं बाहेर काढायची. “लहाने, त्यायले सांग, कौलं फिरवाची आहेत. सांग, पोराचा फोन आला होता, थो दिवाळीले येत नाही म्हन्ते. सांग, म्हशीचं दूध आटून राहिलं.” खाणाखुणांनी जमेल तेवढं ती रोज सांगायचीच, पण कौलं खुणेनं दाखवता येतात, पोराचं न येणं खुणेनं कसं दाखवायचं? मी एकेक सांगत जायची, भाऊजी मान हलवायचे, आणि बाई माझ्या तोंडाकडे पाहत बसायची. एकदा म्हणाली, “माया नवऱ्यासंग तूच बोलतं व. मी त नुसती ह्या घरात राह्यतो.” हसत म्हणाली होती. मी पण हसले.

कानाचं यंत्र आणलं होतं. मुलानं नागपूरहून मापाचं करून आणलं. भाऊजींनी ते काही दिवस लावलं आणि टिनाच्या डब्यात टाकून दिलं. “त्याच्यातून कढई आयकू येते, कुत्रं आयकू येते, सारी दुनिया एकदम आंगावर येते. ही काय म्हन्ते थे मात्र येत नाही.” बाईनं डबा पुढे केला की ते तोंड फिरवायचे.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि वसाहतीच्या बाहेर दोन खोल्या, पुढे छपरी, असं घर बांधलं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमचं माहेर नव्या जिल्ह्यात गेलं, आम्ही दोघी जुन्यात राहिलो. बाई म्हणायची, “आईच्या घरी जाणं म्हन्जे आता परजिल्ह्यात जाणं झालं.” तेच दिवस घरोघरी अडाप्टर येण्याचे. रेडिओ, टेप, बिनतारी फोन, लेकरांचे खेळण्यातले पियानो, सगळ्याला एकेक काळी डबी. सेल संपण्याची कटकट गेली आणि घूं आली. लोक बातम्या ऐकायचे त्या घूंच्या आडून. कुणाला फारसं काही वाटत नसे. एका भाऊजींना वाटे. खाणीतून सुटलेला माणूस छपरीत रिकामा बसलेला, आणि चारी बाजूंनी त्यांच्या कानाला समजणारा एकच आवाज येतो आहे. ते स्वतः होऊनच लोकांच्या घरी जायला लागले. मग लोकच डब्या घेऊन यायला लागले.

कुणी नुसता अडाप्टर आणला तर ते परत पाठवायचे. “रेडिओ कुठी आहे? भांडणात दोघंही समोर पायजेत.” रेडिओ आला की अडाप्टर काढून त्यात सेल घालायचे. सेलवर घूं गेली, तर दोष अडाप्टरचा. सेलवरही राहिली, तर रेडिओचा. मग उलट बाजूनं, रेडिओ बाजूला ठेवून अडाप्टर एकटाच भिंतीत लावायचा. डबीच हातात थरथरत असेल तर आतल्या लोखंडी पट्ट्या ढिल्या झाल्या. डबी गप आणि रेडिओचा भोंगाच तेवढा घूं करतो, तर आतला कंडेन्सर सुकला. “डबीची घूं अलग, भोंग्याची घूं अलग. एकाची दवा दुसऱ्याले देऊ नोका,” असं ते बजावायचे. कुणी नऊ व्होल्टच्या रेडिओला बाराचा अडाप्टर लावलेला असला तर मात्र त्याची खैर नसे. “तुले रोज दुप्पट जेवाले घातलं त तू पन असाच कण्हशीन.”

शेजारची सुमनबाई एकदा रेडिओ पदराखाली लपवून घेऊन आली. सासूच्या रेडिओला घूं लागली होती, आणि ती आपल्या हातून लागली असं तिला वाटत होतं. भाऊजींनी अडाप्टर भिंतीतून उपसला, पिन उलटी फिरवून पुन्हा खोचला. घूं निम्म्याहून कमी झाली. सुमनबाईचं तोंड उतरलं. “एवढंच? मी त रातभर झोपली नाही!” बाई मागून म्हणाली, “सासूले एवढंच म्हनून सांगू नोको. मोठं आपरेशन झालं म्हन. दोन दिवस चहा आयता भेटन.” आम्ही तिघी हसत सुटलो, आणि भाऊजी प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहत, काय झालं ते न कळून, आमच्याबरोबर हसत होते. लोक हसले की हसायचं, ही त्यांची सवय. विनोद त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नाही, फक्त दात पोचले.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

एका उन्हाळ्यात मी चिखल्याला गेले होते. भाऊजी छपरीत कुणाची तरी डबी उघडून बसलेले. बाईला वरच्या फळीवरून तांदळाचा डबा उतरवून हवा होता. मी म्हटलं, मी बोलावते. ती म्हणाली, “थांब. तू नोको. गंमत पाह्य.” तिनं लुगड्यांच्या घडीखालून एक जुना, पिवळट पडलेला अडाप्टर काढला. लाकडी एक्स्टेंशन बोर्ड लोखंडी पेटीवर ठेवला, अडाप्टर त्यात खोचला आणि बटन दाबलं. रेडिओ नाही, काही नाही. नुसता अडाप्टर. पेटी अशी घुमली की माझ्या तळपायांना कळलं. लगेच छपरीतून आवाज, “कोनं लावलं व थे?” आणि पावलं. भाऊजी आत आले ते कपाळाला आठ्या घालून. आधी बटन बंद केलं, मग बाईकडे वळले. वळल्यावर मात्र आठ्या गेल्या. म्हणाले, “आता काय झालं व?”

बाईनं फळीकडे बोट केलं. डबा उतरला. भाऊजी अडाप्टर घ्यायला वाकले तर बाईनं तो पदरात टाकलेला. बडबडत ते परत गेले.

“पाह्यलं?” बाईचे डोळे चमकत होते. “हाक मारून पाह्यली, थाळी वाजवून पाह्यली, उचकी लागेपर्यंत वरडून पाह्यलं. हे लावलं का धावत येते माणूस. भुईवर ठेवलं त तेवढं नाही जात, पेटीवर ठेवलं का छपरीपर्यंत जाते.”

“त्यायले माहीत आहे काय?”

“नाही व. अन् सांगू पन नोको. आपली शप्पथ आहे. हाक आहे म्हनून समजलं का मंग कंटाळा करन. आता भांडाले येते, पन येते त!” मग म्हणाली, “लाईट गेली का तेवढी मी मुकी.”

किती वर्षं तिचं हे चाललं होतं कोण जाणे. त्या एका डबीवर भाऊजींचा डोळा होताच. साऱ्या वसाहतीची घूं काढणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात घूं राहावी, हे त्यांना फार लागायचं. ते शोधायचे, बाई जागा बदलायची. कधी तांदळात, कधी उशीच्या खोळीत.

माझ्या सुनेच्या बाळंतपणाला बाई सिहोऱ्याला येऊन राहिली, तेव्हा मागे भाऊजींना अडाप्टर सापडला. त्यांनी तो असा तसा नाही दुरुस्त केला. एकेक लोखंडी पट्टी मोकळी करून घासली, जंगलातली लाख स्पिरिटमध्ये विरघळवून प्रत्येकीला दिली, पट्ट्या पुन्हा घट्ट बांधल्या आणि उन्हात सुकवलं. कंडेन्सर नवा घातला. कुणाच्या डबीवर त्यांनी एवढी मेहनत घेतली नव्हती. बाई परत गेली त्या दिवशी तिला पाय धुऊ दिले आणि हात धरून पेटीपाशी नेऊन बसवलं. बटन दाबलं. काही नाही. भाऊजींनी तिचा हात धरून डबीवर ठेवला. थरथरसुद्धा नाही. “आयक,” म्हणाले, “आयक. काहीच नाही न? आता नाहीच येनार. माया हातचं सगळ्यात चांगलं काम हे.” मग छपरीत जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत बसले.

बाईनं पुढच्या भेटीत मला हे सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. “एवढे खूश होते व, जसा माह्यासाठी दागिना घडवून आनला. मी काय बोलनार होती? मान हालवली. चांगलं झालं म्हनून.”

त्यानंतर काही हवं असलं की ती उठून छपरीत जायची आणि त्यांची बाही ओढायची. गुडघे तिचे तेव्हाच गेले होते. मग पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आली, पण पलंगावरून उठणं पुन्हा झालं नाही.

भाऊजींनी तिचं सगळं केलं. कुणाला हात लावू दिला नाही. तिची वेणी घालायचे, ती वाकडी यायची, सोडून पुन्हा घालायचे. दुपारी ती झोपली की छपरीत जाऊन बसायचे आणि दर थोड्या वेळानं येऊन डोकावून जायचे. पण डोकावण्याच्या मधला जो वेळ असतो, त्याचं काय? एकदा पाण्याचा गिलास तिच्या हातून अंगावर सांडला. ओल्या अंथरुणात ती कुडकुडत पडून राहिली, आणि भाऊजी पलीकडे, दोन हातांवर, मान खाली घालून कुणाची तरी डबी जुळवत होते. आत येऊन पाहिलं तेव्हा डोकं धरून खालीच बसले. मी गेले तेव्हा मला म्हणाले, “लहाने, तिले सांग न. काही लागलं त मले हाक मारत जाय म्हना. हे मले हाक काहून नाही मारत?”

मी पलंगाकडे पाहिलं. उशाशी लोखंडी पेटी, पेटीवर तो बोर्ड, आणि बोर्डात खोचलेला पिवळट अडाप्टर. बाईनं हळूच मान हलवली. सांगू नको. भाऊजी बाहेर गेल्यावर म्हणाली, “सवयीनं बटन दाबतो व मी. दाबल्यावर आठोते.”

“बाई, आता तरी सांगू दे. शपथ सोड.”

“अन् मंग? त्यायले वाटन, आपल्याच हातानं... नोको. आदीच त्यायचं जेवन तुटलं.” मग माझा हात ओढून, लहानपणी चिंचा चोरायला जाताना ओढायची तसा, म्हणाली, “असं कर. तुमसरले जाय. दुसरा खराब अडाप्टर आन.”

तुमसरच्या बाजारात मी तीन-चार दुकानं पालथी घातली. दुकानदार नवा काढून दाखवायचा, लावून दाखवायचा. “पाहा मावशी, बिलकूल आवाज नाही.” मी म्हणायची, “मले आवाजाचाच पायजे.” एकानं मला चहा पाजला, उन्हानं डोकं फिरलं असेल म्हणून. दुसरा म्हणाला, “खराब माल कोण विकते मावशी? आमची काही इज्जत आहे का नाही?” शेवटी एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकून दिलेल्या डब्यांचा ढीग सापडला. त्याच्या दुकानात बसून एकेक डबी लावून कानाला लावली. एखादी गप्प, एखादी कण्हणारी. जी सगळ्यात जास्त बोलली ती पिशवीत घातली. घाम पुसत चिखल्याला आले तेव्हा मला वाटत होतं, बाईला तिचा आवाजच परत आणून दिला मी.

बाईनं बटन दाबलं. पेटी घुमली. छपरीतून तेच: “कोनं लावलं व थे?” पावलं, आठ्या, बटन बंद. “आता काय झालं व?” बाईनं पाणी मागितलं. पाणी पिताना माझ्याकडे पाहून ती अशी हसली की पाणी नाकात गेलं.

मी अंघोळीला गेले. परत येऊन पाहते तर पेटीवर अडाप्टर नाही. भाऊजी छपरीत, डबी उघडलेली, शेजारी लाखेची वाटी. माझ्याकडे बघून म्हणाले, “तुले फसवलं व लहाने तुमसरवाल्यानं. पार खिळखिळा होता. काळजी नोको करू, नीट केला मी. आता जन्मात आवाज नाही करनार.”

आत येऊन मी बाईला सांगितलं. ती माझ्याकडे पाहून हसायला लागली. पलंगाची कड धरून हसली, मी जमिनीवर बसून हसले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी थांबता येईना. भाऊजी दारात येऊन उभे राहिले आणि आम्ही हसतो आहोत म्हणून तेही हसायला लागले. बाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, “ह्या माणसाच्या हाताले काही ढिलं चालतच नाही. राहू दे व आता.”

धान कापणीच्या दिवसांत बाई गेली. दुपारची वेळ. भाऊजी छपरीत होते. नुकतेच डोकावून गेले होते. पुन्हा डोकावले तेव्हा ती गेलेली होती. तिनं बटन दाबलं होतं की नाही, हे मला माहीत नाही. बोर्डावरचा बारका लाल दिवा लागलेला होता, एवढं मला सुमनबाईनं सांगितलं. तो रोजच लागलेला असेल. मी मनाला तसंच सांगते.

पाहुणे पांगल्यावर भाऊजी माझ्यापाशी येऊन बसले. खाली पाहत म्हणाले, “लहाने, एक इचारू? थो अडाप्टर तिनं उशापाशी कायले ठेवला होता? रेडिओ त माह्यापाशी छपरीत होता.”

बाईनं घातलेली शपथ बाई असतानाची होती. मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले आणि माझ्या ह्या जाड्या आवाजात सगळं सांगितलं. पेटी का, लुगड्यांच्या घडीत लपवणं का, तुमसर का. मधेच थांबवून त्यांनी विचारलं, “म्हन्जे थे मले बलावत होती?”

“हो.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

त्यांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. मी म्हटलं, “तुम्ही येत होते न भाऊजी. ती तेच म्हणायची. येते, म्हणायची.”

“मी भांडाले येत होतो,” भाऊजी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी लोकांच्या डब्या घेणं बंद केलं. हळूहळू लोकांनाही गरज राहिली नाही. मोबाईल आले, त्यांचे हलके चार्जर आले, त्यांत ना पट्ट्या ना थरथर. भाऊजी मात्र बाईचा तो एकच पिवळट अडाप्टर उघडून बसायचे. लाख स्पिरिटनं भिजवून खरवडायची, पट्ट्या सैल करायच्या, पुन्हा बांधायच्या, पेटीवर ठेवून लावायचं. कधी खर्र वाजायचं, कधी काहीच नाही, कधी घूं यायची पण भलतीच. मी गेले की मला बसवून विचारायचे, “तू आयकली होती. अशीच होती काय?” मी म्हणायची, जवळजवळ अशीच. ते मान हलवायचे. त्या आवाजाच्या बाबतीत त्यांचा कान माझ्यापेक्षा शाबूत होता. “नाही. तिची खालून यायची.” एकदा स्क्रू पिळायचा पेचकस खाली ठेवून म्हणाले, “सारा जन्म घट्ट करत आलो व लहाने. ढिलं कसं करतात, थे मले येतच नाही.”

भाऊजीही आता नाहीत. ते घर मुलानं भाड्यानं दिलं, लोखंडी पेटी माझ्याकडे आहे, त्यात मी गोधड्या ठेवते. आमची शेवटची भेट मनातून जात नाही. मी निघाले होते, पिशवी हातात घेतलेली. भाऊजी म्हणाले, “जरा थांब. आज थोडी जमल्यासारखी वाटते. मी छपरीत जाऊन बसतो. तू लाव.”

ते छपरीत गेले. दाराकडे पाठ करून आपल्या जुन्या जागी बसले. मी पलंगाशेजारी उभी राहून बटन दाबलं. पेटी घुमली. घोगरी, तुटक, बाईची नव्हे अशी घूं. छपरीतून काही आवाज आला नाही. कोनं लावलं, असं कुणी विचारलं नाही. पण पावलं आली. भाऊजी आत आले, त्यांच्या कपाळावर एकही आठी नव्हती. त्यांनी बटन बंद केलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. घडी करून ठेवलेल्या अंथरुणाकडे वळून म्हणाले, “आता काय झालं व?”

त्या घरात त्यांना ऐकू येईल असा आवाज माझ्या एकटीचाच होता, आणि तो फुटेना.